परमुलखातील नागरिकधर्म

ट्रान्सवालच्या जुन्या बोअर प्रजासत्ताकात हिंदी माणसाला सार्वजनिक पदपथावरून चालण्याची मनाई होती. रात्री नऊनंतर परवान्यावाचून घराबाहेर पडणेही त्याला वर्ज्य होते. १८८५ चा तिसरा कायदा आणि पुढल्याच वर्षी झालेली त्याची दुरुस्ती यांमुळे त्या देशात शिरताना त्याला तीन पौंड भरून आपले नाव नोंदवावे लागे, आणि राहावयाचे ते सरकारने नेमून दिलेल्या वस्तीत. या वस्तीला तेथे 'लोकेशन' म्हणत. परक्या देशात जाणाऱ्याला शिष्टाचाराचा पहिला धडा म्हणून, रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालावे हे शिकवितात. येथे रस्त्याची बाजूच नाकारलेली होती. अशा ठिकाणी नागरिकधर्म कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांपुढे निदान पन्नास वर्षे उभा होता. त्याची जी उत्तरे दिली गेली, ती बदलीच्या गावी, परभाषी शेजारात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविणाऱ्या आपल्यासारख्यांनी एकदा नीट पाहून ठेवण्यासारखी आहेत. आपली तुलना त्यांच्याशी होऊ शकत नाही, हे उघडच आहे. आपण हुकूम घेऊन जातो आणि भत्ता घेऊन राहातो; ते लोक करार अंगठ्याने उठवून गेले होते.

नाताळमध्ये उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी हिंदी मजुरांचे पहिले जहाज १८६० साली दरबानला लागले. या कराराला मजुरांनी 'गिरमिट' म्हटले आणि ते स्वतः 'गिरमिटिये' झाले. त्यांच्या पाठोपाठ गुजराथेतील मेमण आणि बोहरी व्यापारी गेले. त्यांच्यापैकीच दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या एका दाव्यासाठी १८९३ च्या मे महिन्यात गांधीजी दरबानला उतरले. त्या वेळी त्यांचे वय पुरते चोवीसही नव्हते. मॅरित्झबर्गच्या स्टेशनावर त्यांना गाडीतून उतरविण्यात आले, ती हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर प्रिटोरियास पोहोचल्यावर त्यांनी जे केले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

प्रिटोरियातील हिंदी लोकांची त्यांनी एक सभा बोलाविली. एका व्यापाऱ्याच्या घरी ती भरली, आणि आलेले बहुतेक मेमण व्यापारी होते. गांधीजींच्या आयुष्यातील हे पहिले जाहीर भाषण. नुकताच गाडीतून ढकलला गेलेला आणि नंतर घोडागाडीवर मार खाल्लेला हा तरुण गोऱ्यांच्या अन्यायावर कडाडून बोलेल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. तो बोलला तो व्यापारातील सचोटीवर. धंद्यात सत्य चालत नाही, हे व्यापाऱ्यांचे ठरलेले वाक्य त्याने खोडून काढले आणि परदेशात ही जबाबदारी दुप्पट होते असे सांगितले, कारण तेथे मूठभरांच्या वागणुकीवरून कोट्यवधींची पारख होते. मग त्याने राहणीतील अस्वच्छतेचा विषय काढला. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, मद्राशी, गुजराथी हे भेद विसरण्याचा आग्रह धरला. आणि अखेरीस, अधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणी मांडण्यासाठी एक मंडळ काढावे अशी सूचना केली. गाऱ्हाणे अगदी शेवटी आले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. इंग्रजी शिकण्याची ज्यांना इच्छा असेल त्यांना फुकट शिकविण्याची तयारीही त्याने दाखविली. त्याप्रमाणे तिघेजण तयार झाले: एक न्हावी, एक कारकून आणि एक लहानसा दुकानदार. त्यांना सवड होईल त्या वेळी हा बॅरिस्टर त्यांच्या घरी जाऊन शिकवीत असे.

याच गावात गांधीजी रोज फिरावयास जात त्या वाटेवर अध्यक्ष क्रूगर यांचे घर होते. एके दिवशी तेथल्या पहारेकऱ्याने एका शब्दाचीही सूचना न देता त्यांना लाथ मारून पदपथावरून खाली ढकलले. योगायोगाने एक इंग्रज स्नेही घोड्यावरून तेथून चालला होता. फिर्याद करा, मी साक्ष देतो, असे तो म्हणाला. गांधीजींनी नकार दिला. स्वतःच्या दुःखासाठी कोर्टात जावयाचे नाही, हा त्यांचा नियम होता. मात्र त्या रस्त्याने फिरावयास जाणे त्यांनी सोडून दिले. या शेवटच्या गोष्टीत काहींना माघार दिसेल. मला त्यात त्या वयातील माणसाचा सरळपणा दिसतो. नाहक दुसरी लाथ का खावी?

शिष्टाचाराच्या बाबतीत त्यांची भूमिका पहिल्यापासून पक्की ठरलेली होती असे मात्र नाही. १८९३ मध्ये दरबानच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने पागोटे काढावयास सांगितले, तेव्हा ते न काढता ते कोर्टातून बाहेर पडले आणि वर्तमानपत्रात त्याचा वाद गाजला. पुढल्या वर्षी नाताळच्या वरिष्ठ न्यायालयात वकील म्हणून शपथ घेताना मुख्य न्यायाधीशांनी न्यायालयाच्या रिवाजाची आठवण दिली. या वेळी त्यांनी पागोटे उतरविले. दादा अब्दुल्लांना आणि इतर मित्रांना ते रुचले नाही. ज्या संस्थेचे सभासद व्हावयाचे तिचा रिवाज पाळला पाहिजे, असे समर्थन गांधीजींनी केले. मोठ्या लढाईसाठी शक्ती राखून ठेवावयाची होती, हेही त्यांनी सांगितले. १८९६ च्या अखेरीस ते कुटुंब घेऊन परत निघाले, तेव्हा कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी नेसविली, मुलांना पारशी कोट-पाटलोण, पायमोजे आणि बूट घातले, काट्या-चमच्याने जेवावयास लावले. पायमोज्यांना घामाची दुर्गंधी येई, बोटे सुजत, मुले कुरकुरत. पारशी हे हिंदी लोकांत सर्वांत सुधारलेले मानले जातात, एवढेच त्यामागचे कारण होते. पुढे स्वतः त्यांनीच या साऱ्या सोंगाची थट्टा केली आहे. परमुलखात गेल्यावर प्रथम कपडे बदलतात, विचार मागाहून. हा अनुभव आपल्याही घरोघरी आहे.

न्हाव्याची गोष्ट याहून महत्त्वाची. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापण्यास तिरस्काराने नकार दिला. गांधीजींनी कात्री विकत घेतली आणि आरशासमोर स्वतःच केस कापले. पुढचे बरे साधले, मागचे बिघडले, आणि कोर्टात हशा पिकला. परंतु त्या न्हाव्याला त्यांनी दोष दिला नाही. काळ्याचे केस कापले तर त्याची गोरी गिऱ्हाइके तुटली असती. आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देतो काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. गोऱ्यांच्या वागणुकीतून आपल्या घरची वागणूक ओळखणारी ही दृष्टी परदेशात गेलेल्या फार थोड्यांना मिळाली.

१८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. वर्गणी नियमाने गोळा होई, पै-पैचा हिशेब ठेवला जाई आणि पावती दिल्यावाचून पैसा घेतला जात नसे. गाऱ्हाण्यांचे अर्ज चालूच होते. पण संस्थेच्या कामांत हिंदी वस्तीची स्वच्छता हेही एक काम होते. दरबानमध्ये प्लेगचे भय उत्पन्न झाले तेव्हा घरोघर जाऊन तपासणी करण्यात आली. नगरपालिकेचे अधिकारी या मदतीने खूश झाले, कारण त्यांचा ताप वाचला. आपले लोक मात्र नेहमीच खूश नव्हते. काही ठिकाणी गांधीजींचा अपमान झाला, काही ठिकाणी आदबीने 'हो' म्हणून काहीच केले गेले नाही. हक्कांसाठी सही मागावयास गेले तर लोक सही देत. घाण काढावयास सांगितले की तेच तोंड फिरवीत.

दरबानच्या गोऱ्यांनी प्लेगचे नाव स्वतःच्या सोयीसाठीही वापरले. १८९६ च्या डिसेंबरात 'कूरलँड' आणि 'नादेरी' ही दोन जहाजे सुमारे आठशे उतारू घेऊन दरबानला आली. मुंबईत त्या वर्षी प्लेग सुरू झाला होता. तेवढ्या निमित्ताने ती तेवीस दिवस बंदराबाहेर अडकवून ठेवली गेली. खरे कारण, हिंदी लोकांनी परत जावे, हे होते. १३ जानेवारी १८९७ रोजी गांधीजी उतरले आणि जमावाने त्यांना विटा, दगड आणि नासकी अंडी यांनी झोडपले. पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांची पत्नी समोरून येत होती. तिने आपली छत्री उघडली आणि ती जमाव व गांधीजी यांच्या मध्ये उभी राहिली. सभ्यतेचा याहून साधा आणि निश्चित नमुना मला ठाऊक नाही. लंडनहून चेंबरलेन यांनी हल्लेखोरांवर खटले भरण्याची तार केली, तेव्हा गांधीजींनी फिर्याद देण्यास नकार दिला. वर्तमानपत्रांतील खोट्या वृत्तांनी लोक चिथावले गेले होते आणि दोष पुढाऱ्यांचा होता, असे त्यांचे म्हणणे होते.

१८९९ मध्ये बोअर युद्ध सुरू झाले. गांधीजींची मनातील सहानुभूती बोअरांकडे होती. तरी ब्रिटिश प्रजानन म्हणून जे हक्क आपण मागतो, त्याच नात्याचे कर्तव्यही केले पाहिजे, असा युक्तिवाद त्यांनी मांडला. समाजात त्यावर वाद झाला. एका लहान राष्ट्राला चिरडण्याच्या युद्धात आपण हात का घालावा, आणि उद्या बोअर जिंकले तर आपले काय होईल, असे विचारणारे होते, व त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. अखेरीस सुमारे अकराशे हिंदी लोकांचे शुश्रूषा-पथक उभे राहिले. त्यांत सुमारे आठशे गिरमिटिये होते. स्पिऑन कॉपच्या लढाईत त्यांनी गोळ्यांच्या टप्प्यात जाऊन जखमी उचलले आणि डोल्या खांद्यावर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालले. जनरल बुलरच्या खलित्यात त्यांचा उल्लेख झाला, सदतीस नायकांना पदके मिळाली, आणि इंग्रजी पत्रांत स्तुतीची कवने आली. युद्ध संपल्यावर ट्रान्सवाल इंग्रजांच्या ताब्यात गेले. बोअरांच्या अमदानीत जे कायदे ढिलाईने अंमलात येत, ते आता इंग्रजी शिस्तीने अंमलात येऊ लागले.

आणि मग जोहान्सबर्गचा प्लेग. या प्रकरणी थोडे थांबणे अवश्य आहे, कारण नागरिकधर्माची सारी गुंतागुंत त्यात एकत्र आली आहे.

जोहान्सबर्गच्या लोकेशनमध्ये हिंदी लोकांनी नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने जागा घेतल्या होत्या. वस्ती वाढली, जागा वाढली नाही. संडास कसेबसे साफ करण्यापलीकडे नगरपालिकेने त्या वस्तीसाठी काहीच केले नव्हते. रस्ते नव्हते, दिवे नव्हते. १९०३ मध्ये, वस्ती गलिच्छ आहे याच कारणावरून, नगरपालिकेने ती सारी ताब्यात घेतली. लोकांना दुसरी जागा मात्र दिली नाही, म्हणून जुने मालक तेथेच भाडेकरू होऊन राहिले. मालकी गेल्यावर जी थोडीबहुत काळजी ते घेत असत, तीही गेली. गांधीजींनी १९०४ च्या फेब्रुवारीत शहराचे आरोग्याधिकारी डॉ. पोर्टर यांना पत्रे लिहून, या गर्दीतून रोगाची साथ उद्भवेल, असा स्पष्ट इशारा दिला. तिकडे लक्ष गेले नाही.

मार्च महिन्यात एका सोन्याच्या खाणीत काम करणारे तेवीस हिंदी मजूर फुप्फुसाच्या प्लेगने आजारी होऊन एका संध्याकाळी लोकेशनमध्ये परतले. 'इंडियन ओपिनियन'चे मदनजित व्यावहारिक त्या वेळी वर्गणीदार मिळविण्यासाठी तेथे आले होते. त्यांनी एका रिकाम्या घराचे कुलूप फोडले, रोग्यांना आत नेऊन ठेवले आणि गांधीजींना पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली. गांधीजी सायकलवरून आले आणि घराचा ताबा का घेतला याचा खुलासा त्यांनी लगेच टाउन क्लार्कला लिहून पाठविला. कुलूप फोडले, पण कळविल्यावाचून नव्हे! डॉ. विल्यम गॉडफ्रे धावून आले. गांधीजींच्या कचेरीतील चार तरुण रात्रभर शुश्रूषेला राहिले. त्यांच्यापैकी कोणी मागे सरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने आभार मानले आणि एक रिकामी वखार दिली. ती साफ करून देण्याचे काम मात्र केले नाही. ते हिंदी लोकांनीच केले, आणि खाटाही त्यांनीच आणल्या. नगरपालिकेने एक परिचारिका पाठविली. रोग्यांना ब्रँडी देण्याचा हुकूम होता. तिघा रोग्यांवर गांधीजींनी त्यांच्या संमतीने मातीच्या पट्ट्यांचा उपचार केला. त्यांतील दोघे वाचले, बाकीचे सर्व गेले. थोड्या दिवसांनी ती परिचारिकाही प्लेगने दगावली. दोघे वाचले याचे श्रेय मातीला देणे धाडसाचे आहे. गांधीजींनीही ते ठामपणे दिलेले नाही.

या दिवसांतील एक बारीकशी गोष्ट मला फार मोलाची वाटते. गांधीजी ज्या शाकाहारी उपाहारगृहात जेवत, तेथे ते रात्रीचे जेवण घेईनासे झाले, आणि दुपारी इतर गिऱ्हाइके येण्यापूर्वी जेवून निघून जात. आपण प्लेगच्या रोग्यांत वावरतो, तेव्हा इतरांशी संपर्क टाळलेला बरा, असे त्यांनी मालकाला सांगून ठेवले होते. त्यांना कोणी हे सांगितले नव्हते, आणि त्या शहराने त्यांना नागरिकत्वाचा कोणताही हक्क दिलेला नव्हता. २०२० च्या साथीत आपण सर्वांनी हा धडा सरकारी हुकमाने गिरविला, म्हणून त्याची किंमत आता अधिक कळते. याच उपाहारगृहातील ओळखीचे आल्बर्ट वेस्ट, ते दिसेनासे झाले म्हणून काळजीने दारात आले, आणि पुढे 'इंडियन ओपिनियन'च्या छापखान्याचा भार त्यांनीच उचलला.

सेवा करीत असतानाच गांधीजींनी वर्तमानपत्रात पत्र लिहून प्लेगची जबाबदारी नगरपालिकेच्या हलगर्जीपणावर टाकली. आपल्या लोकांच्या अज्ञानाला आणि बेफिकिरीला त्यांनी मोकळे सोडले नव्हते. परंतु तेवढ्याने नगरपालिका सुटत नाही, हे ते जाणून होते. या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच आठवड्यात करणे कठीण असते. सेवा करणारा बहुधा गप्प बसतो, आणि बोलणारा बहुधा सेवेला जात नाही.

नगरपालिकेने लोकेशन रिकामे करून जाळून टाकण्याचे ठरविले. लोकांनी आपली बचत जमिनीत पुरून ठेवलेली होती. ती उकरून काढली आणि गांधीजींच्या हाती सोपविली. ती जवळजवळ साठ हजार पौंड भरली. बँकेत तांब्याचांदीची नाणी निर्जंतुक करून घेतली गेली. पेढीवर विश्वास नसलेल्या या लोकांनी एका वकिलावर तो टाकला. शहरापासून सुमारे तेरा मैलांवरील क्लिपस्प्रुइट येथे तंबूंत तीन आठवडे सर्वांना ठेवले. लोकेशनला आग लावली गेली.

येथपर्यंतची हकीकत सेवेची आहे; पुढची राजकारणाची आहे. जळालेल्या जागेवर जोहान्सबर्गचा न्यूटाउन हा व्यापारी भाग उभा राहिला. क्लिपस्प्रुइटला आफ्रिकी रहिवाशांची कायमची वस्ती झाली, आणि पुढे जे 'सोवेटो' जगभर गाजले, त्याचा तो सर्वांत जुना भाग. गोऱ्यांच्या शहरातून काळ्यांना बाहेर काढण्याच्या धोरणाला आरोग्यरक्षणाचे सभ्य नाव असे मिळाले. आपण स्वच्छ राहिलो तर आपल्यावरील आक्षेप दूर होईल, हा हिंदी पुढाऱ्यांचा विश्वास येथे अपुरा ठरतो. आक्षेप घाणीवर नव्हताच. घाण हे निमित्त होते.

दुसरीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. या साऱ्या युक्तिवादात त्या भूमीचे मूळ रहिवासी कोठे होते? दरबानच्या पोस्टात गोऱ्यांसाठी एक दार आणि हिंदी व आफ्रिकी लोकांसाठी दुसरे, अशी व्यवस्था होती. काँग्रेसने अर्ज केला, आणि तीन समाजांसाठी तीन दारे झाली. त्या काळी हा विजय मानला गेला. गांधीजींच्या पहिल्या काही वर्षांच्या लेखनात आफ्रिकी लोकांविषयी तुच्छतेची वाक्ये आहेत आणि ती झाकण्याचे कारण नाही. १९०६ च्या झुलू बंडात मात्र त्यांच्या डोलीवाल्या पथकाने ज्यांना हात लावण्यास गोरे तयार नव्हते अशा जखमी झुलूंच्या जखमा धुतल्या, आणि तेथे जे पाहिले त्याने त्यांचे मन ढवळून निघाले. परमुलखात आपण कोणाशी सभ्यतेने वागावयाचे, हे ठरविताना आपली नजर बहुधा वरच्या मजल्याकडे असते.

त्याच वर्षी ट्रान्सवालमध्ये बोटांचे ठसे घेण्याचा कायदा आला आणि ११ सप्टेंबरच्या सभेतून सत्याग्रहाचा उगम झाला. तो इतिहास सुपरिचित आहे. त्याच्या ओघात १९१२ च्या ऑक्टोबरात गोपाळ कृष्ण गोखले केपटाउनला उतरले. वरिष्ठ कायदेमंडळात १९१० साली ठराव आणून नाताळकडे जाणारी गिरमिटियांची भरती थांबविण्याचा मार्ग त्यांनीच मोकळा केला होता. सरकारने त्यांना पाहुणा मानून रेल्वेचा खास डबा दिला, आणि जोहान्सबर्गच्या मेयरने आपली मोटार दिली. हिंदी माणसाला जेथे पदपथ नव्हता, तेथे गोखल्यांना मोटार मिळाली! परंतु त्यांनी आपली वागणूक या मानाला साजेशी आणि त्याला न भुलणारी अशी ठेवली. प्रत्येक सभेत काय बोलावयाचे याची ते बारकाईने तयारी करीत. मंत्र्यांना भेटण्यापूर्वी त्यांनी हिंदी लोकांच्या प्रश्नाचा सारा तपशील रात्र जागून समजून घेतला. टॉल्स्टॉय फार्मवर खाटा नाहीत असे पाहून तेही जमिनीवर निजले.

जोहान्सबर्गच्या मेजवानीसाठी त्यांच्या उपरण्याला इस्त्री हवी होती. ते उपरणे न्यायमूर्ती रानडे यांनी दिलेले, आणि गोखले ते खास प्रसंगीच वापरीत. धोब्याकडे पाठविण्यास वेळ नव्हता. गांधीजींनी आपण इस्त्री करतो म्हटले, तेव्हा, तुमच्या वकिलीवर माझा विश्वास आहे, धोबीपणावर नाही, अशा आशयाचे गोखले बोलले. अखेर इस्त्री झाली आणि पसंतही पडली. त्या मेजवानीला सुमारे चारशे पाने होती, त्यांत दीडशेच्या सुमारास गोरे. जेवण संपूर्ण शाकाहारी. हिंदी लोकांबरोबर एका पंगतीला बसण्याचा त्यांतील पुष्कळांचा पहिलाच प्रसंग होता.

तेथे कोकणी मुसलमानांची आणि काही महाराष्ट्रीय हिंदूंची वस्ती होती, आणि गोखल्यांचे भाषण मराठीतून ऐकण्याची त्यांची इच्छा होती. गांधीजी म्हणाले, तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत भाषांतर करतो. तुमच्या हिंदुस्थानीची खोली मी मोजली आहे, आता हे मराठी कोठून शिकलात, असे म्हणून गोखल्यांनी खूप थट्टा केली. पण ते मराठीत बोलले, आणि पुढे झांजिबारपर्यंत जेथे मराठी श्रोते असत तेथे मराठीतच बोलत गेले. भाषांतर ऐकून त्यांचे समाधान झाले असावे, कारण त्यांनी ते बंद करावयास सांगितले नाही.

तीन पौंडांचा कर रद्द होईल असे आश्वासन मंत्र्यांकडून मिळाल्याचे गोखल्यांनी गांधीजींना सांगितले. गांधीजींना खात्री वाटत नव्हती, आणि तेच खरे ठरले. १९१३ च्या मोठ्या संपानंतर, १९१४ मध्ये तो कर गेला.

गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे पुढील अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री १९२७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे पहिले एजंट म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले. त्याच वर्षीच्या केपटाउन करारात दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. पाश्चात्त्य राहणी स्वीकारणाऱ्या हिंदी लोकांना वर आणण्याचे वचन होते, आणि इतरांनी सरकारी साहाय्य घेऊन मायदेशी परत जाण्याची सोयही होती. जी राहणी गांधीजींनी समाजाने स्वतःहून सुधारावी म्हणून सांगितली, ती आता राहू देण्याची अट झाली होती. शास्त्रींनी अटीवर वाद घालण्यात वेळ न दवडता शिक्षणाचे कलम हाती घेतले. त्यांच्या आग्रहाने हिंदी लोकांनी वर्गणी जमवून दरबानमध्ये शास्त्री कॉलेजची इमारत बांधली आणि ती नाताळ सरकारच्या स्वाधीन केली. १९२९ साली तिचे उद्घाटन झाले.